दोन रात्रींचं बिऱ्हाड

माथेरानला दोन रात्रींसाठी जायचं ठरलं, की डोंबिवलीच्या कुठल्याही सुखवस्तू घरात गुरुवारपासूनच पलंगावर झोपायला जागा उरत नाही. तिथे कानटोप्या असतात. हॉटेलच्या चादरींवर विश्वास नाही म्हणून घरच्या चादरी असतात. कपडे वाळत घालायची दोरी, दोरी घेतली म्हणून चिमटे, इलेक्ट्रिक किटली, किटलीची वायर पोचणार नाही म्हणून एक्स्टेंशन बोर्ड, आणि ‘लागली तर असावी’ म्हणून इस्त्री. जंगलात कडक इस्त्रीचा शर्ट कोणाला दाखवायचा, हे विचारायचं नसतं. माकडं बघतात.

खाण्याचं खातं वेगळं. चिवडा, चकल्या, दशम्या, लसणाची चटणी. हॉटेलच्या पैशांत दोन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं, पण तिथल्या मिठाची खात्री कोणी द्यायची?

“अहो, छत्र्या घेतल्या का?”

“डिसेंबर आहे.”

“डोंगरावरचं काही सांगता येत नाही.”

छत्र्या जातात. हवामान खात्याचं घरात चालत नाही.

या सवयीवर इलाज सांगणाऱ्यांचा हल्ली मोठा धंदा आहे. कपड्यांच्या गुंडाळ्या करा म्हणतात. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या मिळतात, खणाखणांचे पाऊच मिळतात. जागा वाचते, हे कबूल. वजन मात्र हवेबरोबर निघून जात नाही, आणि वाचलेल्या जागेत आणखी दोन स्वेटर बसतात. यादी करा, हा दुसरा सल्ला. यादी केली, की विसरल्यामुळे ज्या वस्तू सुखानं घरी राहिल्या असत्या, त्याही आठवतात.

माझा खरा राग चाकांवर आहे. १९७२ साली अमेरिकेत बर्नार्ड सॅडो नावाच्या गृहस्थांनी चाकांच्या सुटकेसचं पेटंट मिळवलं. त्याआधी ट्रंक आणि होल्डॉल उचलायचा म्हटलं की कंबरच हिशेब मागायची. आता बॅग घरंगळते, त्यामुळे ती जड आहे हे बॅगेखेरीज कोणाला कळत नाही. रेल्वेनं स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेण्याची मुभा दिली आहे, वातानुकूलित पहिल्या वर्गाला ७०. पण काटा घेऊन डब्याच्या दारात सहसा कोणी उभं नसतं, म्हणून आपणही आकडा मनावर घेत नाही. विमानवाले तेवढे निर्दय. देशातल्या देशात बहुतेक ठिकाणी सामानात १५ आणि हातात ७ किलो. तिथे आपली माणसं काउंटरसमोर बॅग उघडून बसतात आणि भर मे महिन्यात दोन जॅकेटं अंगावर चढवून विमानात शिरतात. वजन तेवढंच, उचलणारा बदलला.

म्हणून मी या रोगासाठी माथेरानचीच शिफारस करतो. दस्तुरी नाक्यापुढे आपली गाडी नेता येत नाही. असा नियम आहे आणि तो चक्क पाळला जातो. पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीची वाट. त्या मातीत सॅडोसाहेबांची चाकं शंभर पावलांत मान टाकतात. जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोटी गाडी मिळते, १९०७ सालापासूनची. पण रुळांतलं अंतर अवघं दोन फूट, डब्यात माणसंच अंग चोरून बसतात. एक्स्टेंशन बोर्डानं कुठे बसायचं?

मग हमाल येतो. सहा बॅगा पाहून तो काही बोलत नाही, भाव सांगतो. आणि ज्या घरानं ‘सीझन आहे’ एवढं ऐकून हॉटेलला दुप्पट दर मुकाट्यानं दिला, ते घर इथे पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतं. “अहो दादा, नुसते कपडे आहेत हो!” आत इस्त्री आहे.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण जरा हिणवूनच म्हणतो. पण ती पाठ विंचवाची स्वतःची असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसानं माणसाला ओढणं माणुसकीला धरून नाही. योग्यच झालं. डोक्यावरून जाणाऱ्या किटलीचा प्रश्न अजून कोणी कोर्टात नेलेला नाही.

माझा इलाज असा. बॅग ज्यानं भरली, त्यानंच ती दस्तुरीहून वर न्यायची. हमालाची मजुरी बुडता कामा नये; ती पुरी द्यायची, आणि त्यानं मोकळ्या हातांनी शेजारून चालायचं. मध्ये मध्ये “दादा, किती राहिलं?” असं विचारल्यावर “हे काय, आलंच,” म्हणायचं, एवढंच त्याचं काम. परिणाम पहिल्याच वळणावर दिसतो. इस्त्री कोणी भरली याची चौकशी सुरू होते. ती कोणीच भरलेली नसते. काका काकूंकडे बघतात, काकू सुनेकडे, सून मोबाईलकडे. दुसऱ्या वळणावर चिवड्याचा डबा उघडला जातो, तोही भुकेपोटी नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांना आग्रह करकरून चकल्या वाटल्या जातात. हमालालाही मिळतात.

सोमवारी उतरताना सामान खरं तर हलकं असायला हवं. फराळ संपलेला, दशम्या माकडांनी नेलेल्या, छत्र्या कपाटामागे राहिलेल्या. पण वाटेत माथेरानचा बाजार लागतो. तिथे चिक्की असते, आणि ती पाहुण्यांनाही हवी, शेजाऱ्यांनाही हवी, ऑफिसातही हवी. चामड्याच्या चपला असतात, त्या सगळ्यांच्या मापाच्या. मधाच्या बाटल्या असतात, काचेच्या, म्हणून त्या चादरींत गुंडाळाव्या लागतात. चादरी आणल्याचं सार्थक होतं. दस्तुरीला टॅक्सीच्या डिकीत सगळं कोंबताना झाकण लागत नाही. काका गुडघ्यानं दाबतात, ड्रायव्हर कपाळाला हात लावतो, आणि एवढ्या हालांनंतर काकूंना एकदाची चूक कळते.

“पुढच्या वेळी एक मोठी रिकामी बॅग बरोबर घेऊनच यायचं.”