तोट्याचा कॉमा

एक्सेल उघडलं की मी माउसला शिवत नाही. सोवळं म्हणा हवं तर. माझ्या सीएच्या ऑफिसातल्या नव्या आर्टिकल मुलाला उलटा करून ठेवलेला माउस दिसेल अशा बेताने खुर्ची सरकवतो आणि मग ऑल्ट, ई, एस, व्ही. चार कळा एका दमात. फॉर्म्युले गळतात, आकडे तेवढे उरतात. मुलगा म्हणतो, "सर, परत एकदा दाखवा ना." परत दाखवायला मला नेहमीच सवड असते, रिटर्नची शेवटची तारीख असली तरी. एफ-वन ही कळ मी कीबोर्डवरून उपटून टाकली आहे. एफ-टू दाबताना ती चुकून दाबली जाते आणि मदतीची खिडकी उघडते. मला एक्सेलमध्ये मदत लागते असा कोणाचा समज व्हायला नको.

२०२३ साली लास व्हेगासला एक्सेलच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू न्गाई सलग तिसऱ्यांदा जिंकला. पेशाने ॲक्च्युअरी, पण तिथे त्याला 'द ॲनायलेटर' म्हणतात. हे पाहिल्यावर माझी झोप उडाली. कोल्हापुरात जन्म काढून कुस्तीगिरासारखं बिरुद मिळवायची माझ्यापुढे ही एकच वाट उरली होती. बायको म्हणाली, "आधी दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढून दाखवा."

माझा आखाडा मात्र शिरोली एमआयडीसी. तिथल्या कारखानदारांना बँकेचं कर्ज हवं असतं आणि बँकेला सीएमए हवा असतो, म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा नफा-तोटा, ताळेबंद आणि रोकड. करंट रेशो १.३३ लागतो, कारण १९७५ साली टंडन समितीने तसं सांगितलं. समिती इतिहासजमा झाली, १.३३ अजून नोकरीत आहे. आणि डीएससीआर, म्हणजे वर्षाची कमाई वर्षाच्या हप्त्याच्या किती पट, तो आमच्या बँकेच्या शाखेला दीड लागतो. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट आलं ते डॅन ब्रिकलिनच्या हार्वर्डच्या वर्गातल्या कल्पनेतून: एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत. आम्ही उलटं करतो, उत्तर आधी ठरवतो आणि आकड्याला त्याच्याकडे पाठवतो. एक्सेलमध्ये त्याची रीतसर सोय आहे, गोल सीक. डीएससीआर दीड हवा म्हटलं की विक्री किती वाढायला हवी ते मुकाट सांगतं. माझं कसब पुढचं: १८ टक्के लिहिलं तर अंदाज वाटतो, १७.६५ लिहिलं तर अभ्यास वाटतो.

पण आधी कॉमाबद्दल बोलू द्या.

एक्सेल अमेरिकेचं. त्याच्या हिशेबी सव्वा कोटी म्हणजे १२,५००,०००. शिरोलीचा माणूस हा आकडा वाचत नाही, उजवीकडून बोट ठेवत एकं, दहं, शतं करत चढतो. विंडोजमध्ये जाऊन देश भारत केला की काम होतं, पण ते आपल्या मशीनपुरतं. तीच फाइल दुसऱ्याच्या मशीनवर त्याच्या देशाप्रमाणे उघडते. म्हणून मी सेलमध्येच फॉरमॅट लिहिला: कोटीच्या वर असेल तर कॉमा इथे, लाखाच्या वर असेल तर तिथे, उरलेल्यांना नेहमीचा. गोम अशी की एका फॉरमॅटमध्ये अटी दोनच मावतात. त्या कोटी आणि लाखावर खर्च झाल्या. ऋण आकडे बिचारे कुठल्याच अटीत बसत नाहीत, ते 'उरलेल्यां'त जातात आणि तिथे कॉमा पुन्हा अमेरिकन. म्हणजे नफा १२,५०,००० आणि तोटा उणे १,२५०,०००. नफा देशी, तोटा विलायती!

यावर उतारा आहे. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये शून्याखालच्या आकड्यांना वेगळा फॉरमॅट द्यायचा. तो मी शोधला, एका रविवारी, आमटी दोनदा गरम होईपर्यंत. यावर मी लग्नाच्या पंगतीत बोललो आहे. एका तेराव्यालाही विषय निघाला होता, मी काढला नव्हता. तोट्याला देशी कॉमा लागलेला पाहून मला जो आनंद झाला, तो कुठल्याही क्लायंटच्या नफ्याने दिलेला नाही. आणि गंमत पाहा, सीएमएत तोटा नसतोच! ज्या पानांवर पाच वर्षांत एकही ऋण आकडा येत नाही, त्यांच्यासाठी मी ऋण आकड्यांचा साजशृंगार करत बसलो होतो. तसं एक्सेलच्या कॅलेंडरात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही आहे. तो कधी उगवलाच नाही. लोटस या जुन्या स्प्रेडशीटमध्ये तो चुकून होता, जुन्या फायली जुळाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ठेवून घेतला. अशा घरात आमची पाच वर्षं सुखाने नांदतात.

तर आमचे एक अण्णा. त्यांचं मशीन शॉप आहे, कास्टिंगचं जॉबवर्क करतात. नव्या व्हीएमसी मशीनसाठी ४० लाखांचं कर्ज हवं होतं. डीएससीआर आला १.३१. विक्री वाढवावी तर ऑर्डरी मागतील. वीज कमी करावी तर बिलं फायलीत. पगार कमी करावेत तर पीएफची चलनं फायलीत. प्रत्येक ओळीला कागदाचा साक्षीदार. साक्षीदार नसलेली ओळ एकच, ड्रॉइंग्ज. मालकाचा घरखर्च, कमाईतून वजा होणारा. मी महिन्याचे ६०,००० काढून ४५,००० केले. डीएससीआर १.५३. शेजारी आर्टिकल मुलगा हळूच "वा" म्हणाला.

अण्णांनी चष्मा लावला. "ह्ये काय, घरखर्च?"

"कागदावर, अण्णा."

"आणि पाचव्या वर्षी?"

"तेवढाच ठेवलाय."

"आणि धंदा?"

"जवळजवळ दुप्पट."

"म्हंजे धंदा दुप्पट, कर्ज फिटत आलेलं, आणि मी आजच्यापरीस अर्धपोटी." ते हसले. मग बोट त्या ओळीवरून न उचलता म्हणाले, "आणि आईची औषधं ह्यातच बसवली काय?"

मला बँकेचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पाच वर्षांचं भविष्य मागायचं, पानोपानी सही-शिक्का घ्यायचा, मंजुरीनंतर ती फाइल उघडायचीही नाही. उघडलीच तर डीएससीआरची ओळ बघायची. त्या फायलीत मशीनला झिजायची मुभा आहे, वर्षाला १५ टक्के घसारा, आयकर खात्याच्या संमतीने. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला नाही. त्याची आई पाच वर्षांत एकदाही आजारी पडत नाही. एवढ्या सगळ्या पानांत खरा आकडा होता तो एकटा ६०,०००, आणि वाकवायला सोपाही तोच.

मी म्हटलं, "पुन्हा ६० करतो. मशीन थोडं स्वस्तातलं बघू, कर्ज कमी मागू."

"नगं. ऱ्हाऊ दे ४५," अण्णा म्हणाले. "पर पाचव्या वर्षाचं पान मला एक जादा काढून द्या."

"कशाला?"

"घरात दावतो. खर्च कमी करा म्हणून मी सांगतोय कवाधरनं, कोण ऐकत न्हाई. सीएनं छापून दिलंय म्हटल्यावर ऐकतील."

मी रंगीत प्रिंट काढून दिली.