झ्यूसची वंशावळ आणि फुटकी कुंडी

कॅलिफोर्नियात सहावीच्या मुलांना जगातल्या प्राचीन संस्कृती शिकवतात. मेसोपोटेमिया, इजिप्त, भारत, चीन, रोम असा सगळा फेरफटका असतो. पण घरादाराला वेठीला धरतो तो ग्रीस. इजिप्तमध्ये एक पिरॅमिड झाला की सुटका. ग्रीसमध्ये देव आहेत, देवांची लफडी आहेत, लोकशाही आहे आणि खांब आहेत. खांब फार आहेत.

पार्थेनॉनच्या बाहेरच्या रांगेतले खांब 46. मी कोल्हापुरात जन्मभर इतिहास शिकवला, पण हा आकडा माझ्या अंगावर आला तो लेकीकडे मुक्कामाला असताना, कारण टॉयलेट पेपरच्या आतले पुठ्ठे जमवायचं खातं आजोबांकडे आलं. दर्शनी बाजूला 8, लांबीला 17. चारी बाजू धरल्या तर 50, त्यातून कोपऱ्यांतले दोनदा मोजलेले चार वजा. नातीला हा हिशेब समजावून सांगितला तर ती म्हणाली, "म्हणजे आजोबा, अजून 31 हवेत." त्या आठवड्यात घरात कोणी बाथरूममध्ये जरा जास्त वेळ काढला, की त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं जाई.

खऱ्या पार्थेनॉनचं काम इ.स.पू. 447 ते 432 असं चाललं. पेरिक्लीसने ते मनावर घेतलं, शिल्पकार फिडियसने देखरेख केली. आमच्याकडे ही दोन्ही पदं जावईबापूंकडे होती आणि बांधकाम रविवारी रात्री साडेअकराला पुरं झालं. विद्यार्थिनी नऊलाच झोपली होती. मूळचे खांब नजरेला डौलदार दिसावेत म्हणून मध्ये किंचित फुगीर ठेवलेले आहेत. आमचे डिंकाने भिजून फुगले. बाईंनी वहीत शेरा मारला, 'बारकाव्यांकडे छान लक्ष!' जावईबापूंनी तो दोनदा वाचला.

मग आली वंशावळ. झ्यूसचं कुटुंब एका चार्टपेपरवर दाखवायचं. मला वाटलं, हे तर आपलं घरचं काम. आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापून झालेला आहे, शाखा-उपशाखांसकट. पण आमच्या मूळपुरुषाने निदान पोरं गिळली नव्हती. इथे झ्यूसच्या बापाने, क्रोनसने, जन्माला येतील तशी मुलं गिळली, शेवटच्या वेळी बायकोने दुपट्यात धोंडा गुंडाळून दिला तोही गिळला, आणि त्यामुळे झ्यूस वाचला. पुढे झ्यूसने सख्ख्या बहिणीशी, हेराशी लग्न केलं. हे शब्द मी नातीसमोर कसे उच्चारावेत या विवंचनेत होतो, तर तीच मला म्हणाली, "आजोबा, इट्स ओके, डीमिटरपण त्याची बहीणच. पर्सेफनी त्यांची मुलगी." ही सगळी पर्सी जॅक्सनची कृपा. रिक रायर्डन नावाच्या शाळामास्तराने आपल्या मुलाला झोपताना सांगितलेल्या गोष्टींतून ती कादंबरी निघाली, 2005 साली छापली गेली, आणि तेव्हापासून दहा-बारा वर्षांच्या मुलांना ग्रीक देवांची कुंडली तोंडपाठ असते.

खरी पंचाईत हेराक्लिसपाशी झाली. झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन डॅनीकडे गेला, त्यातून पर्सियस झाला. पर्सियसचा मुलगा इलेक्ट्रियॉन, त्याची मुलगी आल्कमिनी. तिच्याकडे झ्यूस तिच्याच नवऱ्याचं रूप घेऊन गेला आणि हेराक्लिस जन्मला. म्हणजे झ्यूस हा हेराक्लिसचा बाप, आणि आईकडून मोजलं तर खापरपणजोबा. पेन्सिलीची रेघ खाली खाली जाऊन परत वर आली आणि ज्या चौकटीतून निघाली होती तिच्यातच घुसली. जावईबापू बँकांची सॉफ्टवेअरं लिहितात. ते बराच वेळ चार्टकडे बघून म्हणाले, "हे सिस्टिममध्ये बसणार नाही." आमची ही भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि त्या हेराबाईचं म्हणणं काय होतं?" ग्रीक पुराणातल्या निम्म्या कथा म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

वर्गात देवांचा दिवस होता, तेव्हा कोणी कोण व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. पद्धत अस्सल ग्रीक. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या भावांनी जगाची वाटणी अशीच केली: आकाश, समुद्र, पाताळ. नातीला समुद्र हवा होता, निघाली हेस्टिया, म्हणजे चुलीची देवता. हिच्या नावावर ना लफडं, ना लढाई, ना शाप. नात रडकुंडीला आली, पण आजी खूश. ग्रीक लोक नैवेद्यात पहिला मान हेस्टियाला देत आणि दूरदेशी नवी वसाहत करायला निघाले की मूळ गावच्या चुलीतला विस्तव बरोबर नेत, हे मी सांगितल्यावर तर हिने बॅगेतून पांढरं सुती पातळच काढलं. खांद्यावर दोन पिना, कंबरेला नाडी आणि चापूनचोपून निऱ्या. बाकीचं ऑलिंपस चादरी सावरत चालत होतं. झ्यूसची चादर तर भाषणातच सुटली.

पण माझ्यातला मास्तर खरा जागा झाला तो कुंडीच्या प्रयोगाने. अथेन्सचे लोक वर्षातून एकदा ठरवत, की यंदा कोणाला गावाबाहेर काढायचं का. हो म्हणाले तर पुढे खापराच्या तुकड्यांवर नावं कोरून मतदान. 6,000 मतं पडायला हवीत. ज्याचं नाव जास्त तुकड्यांवर, तो दहा वर्षं हद्दपार. घरदार, जमीनजुमला शाबूत. फक्त माणूस नको. शाळेत खऱ्या मुलांना हद्दपार करायला परवानगी नाही, त्यामुळे तीन मुलांना अथेन्सचे पुढारी केलं होतं. तुकडे घरून आणायचे होते. मी गॅरेजमध्ये मातीची कुंडी पोत्यात घालून हातोडी मारली. आतून आवाज आला, "तिन्हीसांजेला काय फोडताय?" मी म्हटलं, "लोकशाही चालू आहे."

खापरावर खिळ्याने कोरून बघा एकदा. त्या तीन पुढाऱ्यांतल्या थेमिस्टोक्लीसचं पहिलं अक्षर थीटा, म्हणजे गोल आणि मध्ये टिंब. गोल कधीच गोल येत नाही, खिळा निसटतो, लाल भुकटी नखांत जाते. नातीच्या एका मैत्रिणीचा हात चांगला, म्हणून तिने चारचौघांचे तुकडे कोरून दिले. बाईंनी अक्षर ओळखलं आणि गैरप्रकार म्हणून मत बाद करायला निघाल्या. ही हकीकत ऐकून मला उकळ्या फुटल्या. 1937 साली अक्रोपोलिसच्या उतारावर एका विहिरीत सुमारे 190 तुकडे सापडले, जवळजवळ सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचं नाव, आणि अक्षर मोजक्याच हातांचं. कोणीतरी आधीच मतं कोरून वाटपासाठी तयार ठेवली होती! नातीने हे वर्गात सांगितलं आणि मतं कायम झाली.

हद्दपार झाला ॲरिस्टायडीस. तो झालेला मुलगा वर्गातला सर्वांत गुणी. का काढलं, असं विचारल्यावर एक पोरगा म्हणाला, "तो नेहमी पहिला हात वर करतो." प्लुटार्कने लिहिलंय, की एका अडाणी मतदाराने खुद्द ॲरिस्टायडीसलाच त्याचं नाव कोरून मागितलं, कारण इतकंच, की जो तो याला 'न्यायी' म्हणतो ते ऐकून कंटाळा आला होता. ॲरिस्टायडीसने निमूट कोरून दिलं. माझ्या वर्गात हे प्रकरण 'टिपा लिहा'मध्ये दोन गुणांना होतं. पोरं चार ओळी लिहीत, मी दीड गुण देई, आणि अथेन्सचं कोणाचंच काही बिघडत नसे.

शेवटचं काम होतं, आपल्या मूळ गावाचा ग्रीकांशी असलेला संबंध दाखवणारी एक वस्तू. नात खट्टू झाली. पंचगंगेच्या काठी कसला आलाय ग्रीस? मी तिला कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीची गोष्ट सांगितली. 1940च्या दशकात तिथे उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनकाळातल्या वस्तूंबरोबर पोसायडनची छोटी काशाची मूर्ती निघाली. रोमी व्यापाराच्या वाटेने समुद्राचा ग्रीक देव घाट चढून आला होता. हव्या असलेल्या देवाची चिठ्ठी हुकलेल्या मुलीला याहून चांगला प्रकल्प मिळणं शक्य नव्हतं.

ती मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा उरकल्यावर वेळ काढा आणि जाऊन या. पोरांनाही न्या, पण मूर्ती बघून होईपर्यंत त्यांना काही शिकवू नका.