उताराची तजवीज

महाशिवरात्रीला महादेवाचे दर्शन घेण्यासाठी चांदा जिल्ह्यातील मनुष्याने सातपुडा चढून पचमढीलाच जावे, असा कोणत्याही शास्त्राचा दंडक नाही. वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा येथे त्याच पर्वावर त्याच देवाची मोठी यात्रा भरते आणि तेथवरचा रस्ता इतका सपाट आहे की बैलानेसुद्धा तक्रार करू नये. परंतु जो देव विनासायास भेटतो त्याचा नवस फिटल्यासारखा वाटत नाही, अशी विदर्भातील भाविकांची पुरातन समजूत असल्यामुळे माघ वद्यात असंख्य माणसे खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या 1,300 हून अधिक पायऱ्या चढतात. आणि त्या माणसांना वरण, भात व वांग्याची भाजी घालण्याचा संकल्प आमच्या चंद्रपुरातील मंडळाने ज्या सभेत सोडला, त्या सभेस मी, वनखात्यातून निवृत्त झालेला बडा बाबू, केवळ इतिवृत्त लिहिण्यापुरता हजर होतो.

वाहनाचा प्रश्न खजिनदारांनी सोडविला. त्यांच्या अंगणात एक वयोवृद्ध डिझेल पिकअप उभी असे. तिच्या डाव्या दाराला आतून सुतळी बांधलेली होती, एमएच 34 ही अक्षरे तेवढी ताजी रंगविलेली होती, आणि तापमानदर्शक काटा गाडी थंड असो वा तापलेली, सदैव मध्यभागी उभा राहून उभयपक्षी तडजोडीचा सल्ला देत असे. मंडपवाल्याची, जनरेटर वाहून थकलेली एक दोनचाकी ट्रॉली तिच्या मागे जोडावयाची, ट्रॉलीवर शिधा व गंज चढवावयाचे आणि सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली या मार्गाने पचमढी गाठावयाची, असा बेत ठरला. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताचे सरकार दरसाल उन्हाळ्यात आपल्या दप्तरासह त्याच पचमढीला जाऊन बसत असे, हे मी सभेच्या निदर्शनास आणून दिले. त्या काळी आमचा जिल्हा त्याच सरकारच्या ताब्यात होता, तेव्हा सरकारी कागदांचे ओझे जेथे चढले तेथे तांदळाचे का चढू नये, असा माझा युक्तिवाद होता, आणि तो कोणी ऐकला नाही.

गाडी बाबूपेठेतील एका मिस्त्रीच्या स्वाधीन झाली. हा गृहस्थ इंजिनाजवळ जाऊन प्रथम काहीच करीत नाही. डोळे मिटून ऐकतो. मंडळींनी एकमुखाने मागणी केली की, गाडीची ताकद वाढवावी, पंप थोडा उघडावा, डिझेल जास्त जाऊ द्यावे. मिस्त्रीने कानाची विडी काढली आणि निकाल दिला, "काकाजी, चढाले इंजन पायजे, उताराले अक्कल पायजे. डिझेल वाढवलं तं धूर वाढंन, अजून काय?" त्याचे म्हणणे पुढे मी जुळवून पाहिले तेव्हा ते अक्षरशः यथार्थ निघाले. पचमढी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,067 मीटर उंच. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेथे हवा विरळ मिळते आणि त्याच्या बळाचा जवळजवळ दशांश वाटेतच गळतो. अशा वेळी डिझेल अधिक ओतणे म्हणजे जे जळणार नाही त्याचा काळा धूर करून मागच्या यात्रेकरूंच्या मुखी घालणे होय. पाण्याचीही तीच गत. चुलीवरचे पाणी दर 300 मीटर उंचीस सुमारे एक अंश लवकर उकळते, म्हणून रेडिएटरचे झाकण दाब धरणारे हवे. आणि आमच्या झाकणाचे रबर तर टाचेच्या भेगांसारखे फाटलेले होते. रेडिएटर उघडला तेव्हा त्याच्या नळ्यांतून जो पांढरा, टणक क्षार निघाला, तो पाहून खजिनदारांनी इतक्या वर्षांत आपण गाडीला नळाचे फुकट पाणी पाजून किती बचत केली, याचा हिशेब तत्काळ तहकूब केला.

पण मिस्त्रीचे खरे चित्त ब्रेकवर होते. हजार मीटर उंचीवर चढविलेला बोजा खाली आणताना, त्याला वर नेण्यास लागलेल्या शक्तीचा बराचसा वाटा उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतो. वर्षानुवर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलने हवेतील ओल पिऊन ठेवलेली असते, ते ओलसर तेल लवकर उकळते, त्याची वाफ होते, आणि मग चालकाचा पाय निवडणुकीतील आश्वासनावर पडल्यासारखा तळाशी जातो. म्हणून तेल नवे, लायनर नवे, चाकांचे सिलिंडर नवे, आणि चढताना ज्या गिअरने गाडी चढली त्याच गिअरने उतरावयाचे, असा हुकूम निघाला. ट्रॉलीच्या आकड्याची पिन, तिच्या जोडीला सुटल्यास धरून ठेवणारी साखळी, बेअरिंगांत ग्रीस, पाट्यांत एक जादा पान, आणि चाकाखाली घालावयास दोन लाकडी ठोकळे. हे ठोकळे सागवानाचे निघाले. आलापल्लीच्या रानातील ज्या सागाची लाकडे बल्लारपुरातून 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी रवाना झाली, त्याच्याच गोत्रातील दोन तुकडे आमच्या ट्रॉलीच्या चाकाखाली झोपणार होते. त्यांच्यावर खात्याच्या हातोड्याची निशाणी आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी माझे हात शिवशिवले, हे सांगणे नलगे.

हे सर्व पाहताना मला कमलापूरचे हत्ती वारंवार आठवत. गडचिरोली जिल्ह्याच्या त्या दक्षिण रानात ओंडके ओढण्याचे काम एके काळी हत्तींनी केले, आणि आजही तेथील सरकारी छावणीत दर हिवाळ्यात त्यांना काही दिवसांची रजा देऊन, वनौषधी उकळून केलेला ऊन लेप त्यांच्या पायांना चोपडला जातो. चोपिंग म्हणतात त्याला. हत्तीचे पाय भेगाळू नयेत म्हणून ही तजवीज. आणि ती करताना माहूत त्याच्या पायाशी बसून तळवा असा निरखतो की, जणू त्यात काही मजकूर लिहिलेला आहे. आमचा मिस्त्री टायरच्या कडेवरचे चार आकडी निर्मितीचे वर्ष व आठवडा तसाच वाकून वाचीत होता. हत्तीला मात्र एक सोय आहे: ओझे न पेलणारे वाटले तर तो जागचा हलत नाही. पिकअपला ही मुभा नाही, हे आमच्या मंडळाने बरोबर हेरले होते.

कारण मिस्त्रीने पाटे चढविल्याची वार्ता पेठेत पसरताच ट्रॉलीवरील यादी फुगू लागली. नवे लायनर बसले त्या दिवशी दोन गंज वाढले. नवी क्लचप्लेट बसली त्या दिवशी भजनी मंडळींची पेटी, ढोलक आणि एका सद्गृहस्थाचा नवसाचा, मनुष्याच्या उंचीचा लोखंडी त्रिशूळ. त्रिशूळ डिझेलवर चढविला तर नवस फिटतो काय, या मुद्द्यावर सभेत दीर्घ चर्चा होऊन, पचमढीपर्यंत तो माल व त्यापुढे तो त्रिशूळ, असा मसुदा मी केला. त्यावर अध्यक्षांची आरामखुर्ची आली आणि ती ट्रॉलीच्या मागच्या टोकाला बांधली गेली. मिस्त्रीने ती तेथून पुढे आणविली. ट्रॉलीचा भार आसाच्या मागे गेला की आकड्यावरील वजन हलके होते आणि ट्रॉली उतारावर लेझीम खेळू लागते.

कागदपत्रांचे प्रकरण माझे होते, आणि त्यात मी मागे राहिलो नाही. ट्रॉलीची नोंदणी निराळी, विमा निराळा. गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, परराज्याचा परवाना, धुराचा दाखला. सरपणाचा प्रस्ताव मी मुळातच फेटाळला: भारतीय वन अधिनियम 1927 अन्वये वाहतूक पासाशिवाय लाकूड हलविणे मला या जन्मी शक्य नाही, म्हणून गॅसच्या टाक्या आल्या. शेवटी, मालवाहू गाडीत माणसे बसविणे बेकायदेशीर असल्याने चालक व मदतनीस यांखेरीज कोणीही तीत बसू नये, असे कलम मी ठळक अक्षरांत लिहिले. ते वाचून मंडळातील सर्वांची, आणि अर्थातच माझीही, रेल्वेने जाण्याची व्यवस्था करावी लागली.

निघण्याच्या आदल्या रात्री धर्मकाट्यावर वजन झाले आणि ते नोंदणीपुस्तकातील आकड्याच्या पुढे गेले. काय उतरवावे, यावर काट्यावरच सभा भरली. पेटीला सूचक होता, खुर्चीला सूचक होता, त्रिशुळाला तर हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. ज्यांची बाजू मांडावयास कोणी उभे राहिले नाही अशी काही पोती तेवढी एकमताने उतरली. मिस्त्री मदतनीस म्हणून चढला, खिडकीतून कान बाहेर काढून त्याने इंजिन ऐकले, आणि गाडी निघाली.

आम्ही पिपरियाची गाडी धरण्यासाठी इटारसीच्या फलाटावर वळकट्यांवर बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन आला. सिल्लेवानीचा घाट चढून उतरले, रेडिएटर निवांत, ब्रेक थंड, ट्रॉली सरळ. पचमढीत वरण चुलीवर चढलेसुद्धा. "काकाजी, बाकी सारं झकास. मीठ कोनत्या पोत्यात हाय, तेवढं यादी पाहून सांगा जी." यादीच्या तिन्ही प्रती माझ्या पिशवीत होत्या. मी खजिनदारांकडे पाहिले, खजिनदारांनी अध्यक्षांकडे पाहिले, आणि अध्यक्षांनी, मिठाला काट्यावर सूचक कोण होता, अशी पृच्छा केली.