आप्पांचा हिरवा

आप्पांना कोणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" तर ते गंभीरपणे सांगतात, "एकाहत्तरचा डिसेंबर." गेली दोन वर्षं त्यांच्याकडे तोच चालू आहे. भारत-पाकिस्तानचं खरं युद्ध तेरा दिवसांत आटोपलं. आप्पांचं अजून शेपटीपर्यंतही पोचलेलं नाही.

आप्पांची सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीचशी चेकवरच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहण्यात. 'वेलांटी जुळत नाही' म्हणून त्यांनी भल्याभल्यांचे चेक परत पाठवले होते. निवृत्तीनंतर ताडून पाहायला काही उरलं नाही, तेव्हा नातवाला वाढदिवसाला आलेला प्लॅस्टिकच्या विमानाचा खोका त्यांनी उघडला. नातू पुढे मोठा झाला, पुण्याला गेला. खोका आप्पांकडेच राहिला, आणि त्याच्यावर आणखी खोके चढत गेले.

ही विमानं १:७२ प्रमाणात असतात, म्हणजे सहा फुटी वैमानिक इथे एका इंचात बसतो. ती जोडणं हा आप्पांच्या मते पोरखेळ. दोन संध्याकाळी, गोंदाची एक बाटली, झालं. खरं काम पुढे सुरू होतं: पंखावरचं वर्तुळ, शेपटीवरचा झेंडा, स्क्वाड्रनचं चिन्ह, क्रमांक. हे सगळं त्या दिवशी, त्या तळावर, त्या विमानावर जसं होतं तसंच. 'साधारण तसं' म्हणणाऱ्या माणसाला आप्पा दुसऱ्यांदा चहा विचारत नाहीत. कागदावरच्या पारदर्शक पापुद्र्यावर छापून येणाऱ्या या खुणांना डीकॅल म्हणतात. शेजारच्या मुलीने एकदा 'स्टिकर' म्हटलं, तर आप्पा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

डीकॅल लावायच्या दिवशी घरात पंखा बंद. आधी विमानावर चकचकीत वार्निशचा हात, कारण खरखरीत रंगावर डीकॅलखाली हवा अडकते आणि ते चंदेरी दिसायला लागतं. मग काकूंच्या आमटीच्या वाटीत कोमट पाणी, काकूंचा भुवया कोरायचा चिमटा, काकूंच्या कानात घालायच्या कापसाच्या काड्या. डीकॅल कागदावरून सरकवून जागेवर बसवलं, की त्यावर एक द्रावण लावायचं. त्याने ते आधी सुरकुततं, पार वाया गेल्यासारखं दिसतं, आणि हात न लावता थांबलं तर सपाट होऊन रंगाला चिकटतं. या थांबण्याच्या वेळात आप्पांशी बोलायचं नसतं. काकू म्हणतात, "लग्नानंतर पहिली पाच वर्षं मी अशीच थांबले होते. पण हे काही सपाट झाले नाहीत."

वर्तुळांचा इतिहास आप्पा कोणालाही सांगतात. कुरियरवाला सही घ्यायला येतो आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन पोचतो. ब्रिटिशांच्या वर्तुळात मधोमध तांबडा ठिपका होता. जपानी विमानांवरही तांबडा गोळा. घाईत आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडतील म्हणून त्या आघाडीवर तांबडा काढून टाकला आणि निळ्यात फिका निळा आला. आपल्या हवाई दलाची विमानंही तशीच उडाली. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र, मग आजचं तिरंगी वर्तुळ: बाहेर केशरी, मधे पांढरा, गाभ्यात हिरवा. अशोकचक्राच्या काळातलं एक विमान आप्पांनी केलंय. भिजल्या साबुदाण्याएवढ्या त्या चक्राचे आरे ते भिंगातून मोजायला लावतात. चोवीस आहेत. मी मोजले नाहीत, पण मान डोलावली.

अमेरिकन विमानांच्या नादी मात्र ते लागत नाहीत. तिथे मे १९४२ मध्ये ताऱ्यातला तांबडा ठिपका गेला, जून १९४३ मध्ये दोन बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि भोवती तांबडी कड आली, आणि दोन-तीन महिन्यांत ती कड निळी झाली. "हे लोक युद्ध करत होते की रंगकाम?" असं आप्पा विचारतात, तेही तीन शून्यांचा ब्रश हातात धरून.

या व्यसनाचे परिणाम घराबाहेरही होतात. सोसायटीच्या सभेत इमारतीला क्रीम रंग द्यायचं ठरलं, तेव्हा "कुठला क्रीम?" एवढंच आप्पांनी विचारलं. मग ते घरून अमेरिकन सरकारी रंगांचा पंखा घेऊन आले. त्यात प्रत्येक छटेला पाच आकडी क्रमांक असतो आणि पहिल्या आकड्यावरून रंग चकचकीत की मॅट ते कळतं. सभा रात्री अकराला संपली. इमारत अजून तशीच आहे. काकूंच्या माहेरच्या गावी चौकात चौथऱ्यावर एक जुनं विमान उभं आहे. त्याच्या शेपटीवरचा झेंडा रंगाऱ्याने दोन्ही बाजूंना डावीकडून केशरी असा काढलाय. वास्तविक केशरी दोन्ही बाजूंना नाकाकडे हवा, म्हणजे एका बाजूने उलटा क्रम. आप्पांनी आकृतीसह अर्ज केला. उत्तर आलं, 'आपल्या नाल्यासंबंधीच्या तक्रारीची नोंद घेतली आहे.'

जुन्या कृष्णधवल फोटोंवर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्याला दाद देत नाही, त्यामुळे तांबडा काळा पडतो आणि पिवळाही गडद दिसतो. काकू एकदा अल्बम दाखवताना म्हणाल्या, "माझा शालू राणी कलरचा होता." आप्पा म्हणाले, "या फोटोवरून तसं सिद्ध होत नाही." त्या दिवशी जेवणात पोळी नव्हती.

आता आप्पांच्या त्या दोन वर्षं चाललेल्या, एकाहत्तरच्या मिगकडे येतो. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग बनायचे, त्यामुळे आमच्या नाशकात प्रत्येकाला या विमानाबद्दल थोडं थोडं माहीत असतं. आप्पांचा सगळा राग या 'थोडं थोडं'वर आहे. मिग-२१ तेव्हा उघड्या धातूच्या रंगाचे, उन्हात लखलखणारे. युद्ध तोंडावर आलं तेव्हा ते लपवायला तळातळांवर, मिळेल त्या रंगाने, हिरवे-तपकिरी पट्टे फासले गेले. एक विमान दुसऱ्यासारखं नाही. महायुद्धात नॉर्मंडीला फौजा उतरण्याआधीही अशीच घाई झाली होती. आपल्याच तोफांनी आपली विमानं पाडू नयेत म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत हजारो विमानांवर काळे-पांढरे पट्टे ओढले, लहान विमानांवर अठरा-अठरा इंच रुंद. सैनिकांनी हाताला लागेल त्या ब्रशने ते ओढले. तेच पट्टे पाव इंचात आणायला आप्पांनी एक गणपती ते दुसरा गणपती एवढा वेळ घेतला होता. घाई करणाऱ्यांनी एका रात्रीत केलेलं काम सावकाशीने जुळवत बसायचं, हा या जमातीचा धर्मच आहे.

प्रश्न हिरव्याचा होता. नेमका कुठला हिरवा? पुस्तकं तीन हिरवे सांगत होती. तेवढ्यात आमच्या मावसभावाच्या सासऱ्यांचा शोध लागला. कराडकडचे, हवाई दलातून सार्जंट होऊन निवृत्त झालेले, एकाहत्तरला एका तळावर होते आणि विमानांवर रंग फासणाऱ्यांत होते. आप्पांनी त्यांना जेवायलाच बोलावलं. पुरणपोळी झाली, विडा झाला. मग आप्पांनी रंगांचा पंखा उघडला.

"सार्जंटसाहेब, हिरवा कुठला होता?"

"हिरवा? हिरवा म्हंजी हिरवाच की, आप्पासाहेब."

"ह्यातला कुठला?"

म्हाताऱ्याने पंखा मागून पुढून पाहिला. "आमच्याकडं दोन डबे हुते. एक संपला, मग दुसरा घेतला. दुसऱ्यात जरा पाणी जास्त झालं हुतं."

आप्पांनी वहीत लिहिलं: दोन हिरवे. त्यांचा चेहरा उजळला होता. तीन पुस्तकांना जे माहीत नव्हतं ते आपल्याला कळलं, असा. मग त्यांनी कपाटातून मिग काढला. कडेला टेप लावून ओढलेले, आखीव, देखणे पट्टे. सार्जंटांनी चष्मा वर करून तो डोळ्यांजवळ धरला.

"लई झ्याक केलंय. पण आमची रेघ एवढी सरळ नव्हती बगा."

मला वाटलं, आता आप्पा खचणार. आप्पांनी वही पुढे ओढली, पेन्सिलीला टोक केलं आणि विचारलं, "म्हणजे नेमकी किती वाकडी?"

"आता काय सांगू. त्या रात्री चहा याया उशीर झाला हुता, तेवढी."

"किती उशीर?" आप्पांनी विचारलं.