रोल नंबर 27, कूलरसह

नागपूरकराला एप्रिलमध्ये दोनपैकी एकच गोष्ट मिळते : गारवा, नाहीतर शांतता. आमचा लोखंडी कूलर आईबाबांच्या लग्नाच्या वयाचा. सुरू केला की शेजारच्या काकू विचारायच्या, ‘दळण टाकलं का?’ टाकीतलं पाणी संपत आलं की पंप असा काही गळा काढायचा, की बाबा बादली घेऊन पळत यायचे. या कूलरसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर उशी आणि उशीवर मोबाईल ठेवून मी 2020 ते 2022 या कोरोनाच्या काळात इतिहासात एम. ए. केलं. कुणी विचारलं तर मी रुबाबात सांगतो, ‘नागपूर विद्यापीठ’. कूलरचं नाव घेत नाही.

विद्यापीठाची तरी काय चूक? 4 ऑगस्ट 1923 चा त्याचा जन्म. शंभरीला आलेल्या आजोबांच्या हातात मोबाईल देऊन ‘आता लावा व्हिडिओ कॉल’ म्हणावं, तशी त्याची गत झाली होती. आमचे सर तर पहिले चार दिवस फक्त कपाळानं शिकवत होते. खालचा चेहरा पडद्यात मावतच नव्हता. वर्गातले अर्धे पोट्टे ‘सर, आवाज येत नाही’ म्हणायचे, आणि हे ‘आवाज येत नाही’ मात्र सरांना स्वच्छ ऐकू जायचं.

हजेरी सर रोज घ्यायचे. मी तासभर म्यूटवर. पण 26 वा नंबर झाला की माईक उघडावाच लागे, आणि ‘प्रेझेंट सर’च्या आधी वर्गात वादळ शिरे. ‘27, कुठे उभा आहेस? विमानतळावर?’ असं सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. पुढेपुढे मी तोंड उघडायच्या आत ते ‘हो हो, आला’ म्हणत पुढच्या नंबरवर जायचे. आयुष्यात माझ्याआधी माझा कूलर ओळखला गेला, ही जखम अजून ओली आहे.

प्रॉक्सीही चालायची, ती तरी का बंद पडावी? एक जण दोन मोबाईल घेऊन दोन आवाजांत हजेरी द्यायचा. जाड आवाज मित्राचा, बारीक स्वतःचा. एकदा घाईत अदलाबदल झाली. सर म्हणाले, ‘घसा बसला का रे?’ दोघांनीही ‘हो’ म्हटलं.

एकदा सरांनी 1938 सालची गोष्ट सांगितली. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचा हट्ट धरला, म्हणून निजामी राजवटीनं त्यांना काढून टाकलं. तेव्हा त्या पोरांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं. त्या आंदोलनात बाहेर पडून नागपूरला आलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. पुढे कायदाही ते इथेच शिकले. ऐकून मला हेवा वाटला. त्यांना निदान कुठून तरी काढलं होतं. आम्हाला तर कुणी आतच घेतलं नव्हतं. प्रवेश कॅम्पसचा आणि वर्ग आईच्या शिवणयंत्राशेजारी.

मग 2021 चा एप्रिल आला. रस्त्यावरून सायरन जायचे, आणि ज्याचा माईक उघडा असेल त्याच्या घरातून ते सगळ्या वर्गात ऐकू यायचे. पूर्वी दोन मिनिटांत उरकणारी हजेरी पाऊण तासाची झाली. सर एकेका नंबरापाशी थांबायचे. ‘घरी सगळे बरे आहेत नं? आजी काय म्हणते?’ 23 एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्स्प्रेस आली आणि तीन टँकर नागपुरात उतरले, तेव्हा दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी सरांनी तेच सांगितलं. अभ्यासक्रमात नव्हतं. कुणी तसं म्हणालंही नाही.

त्या महिन्यात प्रॉक्सी कुणीच दिली नाही. दोन मोबाईलवाल्यानंही नाही.

रोल नंबर 9 आठ दिवस गप्प होती. सर रोज नंबर पुकारायचे, जरा थांबायचे, मग 10 म्हणायचे. नवव्या दिवशी 9 म्हटल्यावर आधी खोकला आला, मग फाटक्या आवाजात ‘प्रेझेंट सर’. साठच्या साठ माईक एकदम उघडले. त्यात माझा कूलर. त्या गोंगाटात सर काहीतरी बोलले, ते कुणालाच कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळायला नको होतं.

2022 मध्ये एकदाचा मी अमरावती रोडवरच्या कॅम्पसमध्ये गेलो. गार्डनं अडवलं. ‘काय काम आहे?’

‘शिकतो इथं.’

‘कधीपासून?’

‘दोन वर्षं झाली.’

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मास्क खाली करायला लावला. अशानं ओळख कशी पटणार होती देव जाणे, त्यानं मला कधी बिनमास्कचं पाहिलंच नव्हतं.

विभागाच्या व्हरांड्यात सर दिसले. पडद्यावर होते त्यापेक्षा बुटके, आणि त्यांना हनुवटीही होती. मी नमस्कार केला. त्यांनी ‘हं हं’ केलं, ओळखलं नव्हतं.

‘सर, 27.’

‘अबे, कूलर!’ सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की ऑफिसातले दोघे बाहेर आले. मग जवळ येऊन विचारलं, ‘पंप बदलला का नाही?’

‘नाही सर. तोच आहे अजून.’

‘असू दे,’ सर म्हणाले, ‘मी बंद कर म्हटलं का कधी? त्या आवाजानंच तर समजायचं, पोट्टा आहे म्हणून.’