काळीचा धनी

शोरूममधला पोरगा त्याला प्रामाणिकपणे सांगतो, "सर, व्हाइट घ्या. धूळ दिसत नाही, विकतानाही भाव बरा येतो." मेहुणा तेच सांगतो, ऑफिसातले तेच सांगतात. आपल्या देशात सर्वांत जास्त खप पांढऱ्या गाड्यांचा, हे त्यालाही ठाऊक असतं. तरी त्याचं बोट पडतं ते काळ्यावरच. हाच माणूस लग्न ठरवताना पत्रिकेसोबत आलेले फोटो खिडकीच्या उजेडात नेऊन मुलीचा रंग पारखत होता, याची आठवण करून देण्याचं काम त्याच्या बायकोकडे असतं आणि ती ते चोख पार पाडते.

गाडीच्या कंपन्या या माणसाला पुरत्या ओळखून आहेत. त्याला नुसता काळा रंग विकून चालत नाही. म्हणून कुठे तो 'मिडनाइट ब्लॅक' असतो, कुठे 'ॲबिस ब्लॅक', कुठे 'नापोली ब्लॅक'; म्हणजे मध्यरात्र, पाताळ आणि इटलीतलं एक गाव. हेन्री फोर्डने १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी काळ्याशिवाय दुसऱ्या रंगात दिलीच नाही, पण त्या काळ्याचं बारसं करावं असं त्याला वाटलं नाही. आमच्या या गृहस्थाला मात्र कोणी सहज "काळी गाडी तुमची का हो?" असं विचारलं, की तो आधी रंगाचं पूर्ण नाव सांगतो आणि मग होय म्हणतो.

पुण्यात प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतोच. रविवारी सकाळी सहाला पार्किंगमध्ये गेलात तर सापडेल. अंगात जुना बनियन, खाली नाडीची विजार. नाडीचीच, कारण पट्ट्याचं बक्कल रंगाला लागतं. अंगठी आणि घड्याळ काढून वर घरी ठेवलेलं. शेजारी दोन बादल्या: एक शांपूच्या पाण्याची, दुसरी धुण्याचा हातमोजा खळबळण्याची. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर येऊ नये. ही बादल्यांची जोडी सोसायटीच्या पाणीकपातीच्या नोटिशीखालीच मांडलेली असते. बोअरचं पाणी त्याला चालत नाही. त्यात क्षार फार, वाळलं की काळ्या रंगावर पांढरे डाग धरतं. म्हणून शेवटचा हात तो घरातल्या आरओच्या पाण्याचा देतो. "मग ते आरओचं वाया जाणारं पाणी ने की, बादलीभर जातं रोज," असं बायकोने एकदा सुचवलं, तर तो हादरलाच. गाळून काढलेले सगळे क्षार त्या पाण्यातच असतात! बरोबर होतं त्याचं. त्याचं सगळंच बरोबर असतं, तीच तर अडचण.

त्याचा खरा वैरी म्हणजे पहाटे गाड्या पुसायला येणारा पोरगा. एक बादली आणि एक फडकं घेऊन तो अर्ध्या तासात अख्खी रांग उरकतो. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीपर्यंत इमानेइतबारे पोचवतो. आमच्या गृहस्थाने पहिल्याच आठवड्यात त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "महिन्याचे पैसे घेत जा, पण माझ्या गाडीला हात लावायचा नाही." पोरगा म्हणाला, "साहेब, असं आणखी दोन-चार जणांना सांगा की."

मग येते पिशवीची परीक्षा. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी हातात घालून तो बॉनेटवरून बोटं फिरवतो. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून खरखरीत लागतं, कारण धुऊनही न निघालेले कण रंगात रुतलेले असतात. ते काढायला खास चिकणमातीसारखी वडी मिळते. वडी ओल्या पत्र्यावरून हलकेच फिरवायची, मळली की घडी घालायची, आणि जमिनीवर पडली तर टाकूनच द्यायची, कारण खडा चिकटलेली वडी म्हणजे पॉलिशपेपरच. ती पडते तेव्हा तो असा काही कळवळतो, की दुसऱ्या मजल्यावरची माणसं खिडकीत येतात.

रात्रीचा कार्यक्रम वेगळा. जेवण झालं की टॉर्च घेऊन तो खाली उतरतो आणि दाराच्या पत्र्यावर झोत टाकून वाकून बघत राहतो. नवीन वॉचमनने एकदा त्याला चोर समजून काठी उगारली होती. झोताभोवती बारीक गोल गोल रेघांचं कोळ्याचं जाळं उमटतं. खरं तर त्या रेघा गोल नसतात, सगळ्या दिशांनी गेलेले सूक्ष्म ओरखडे असतात. त्यातले झोताला आडवे पडलेले तेवढे चमकतात आणि डोळ्याला वर्तुळं दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ते तितकेच असतात, फक्त दिसत नाहीत. म्हणून पांढऱ्या गाडीचा मालक या वेळी वर झोपलेला असतो.

आता ओरखडे घालवायचे तर पॉलिश आलं, आणि इथेच या माणसाची खरी शोकांतिका आहे. लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे काहीतरी लावणं. पॉलिश म्हणजे काढणं. रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. ओरखडा जाईपर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा, एवढीच ती जादू. म्हणजे जितकी हौस तितकी गाडी पातळ. हे त्याला पाठ आहे, तरी हात थांबत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाची मूर्ती अभिषेकांनी आणि भक्तांच्या स्पर्शाने झिजते म्हणून तिला वज्रलेप करावा लागतो. २०२० च्या आषाढीआधीही तो केला गेला. काळ्या गाडीवाल्याने सिरॅमिक कोटिंगची चौकशी सुरू केल्याचं कळताच आमच्या सोसायटीतले निवृत्त मास्तर म्हणाले, "वज्रलेप करताय म्हणा की!" तोही हसला, पण कोटिंग काही केलं नाही. एकदा ते केलं की रविवारी करायचं काय?

पॉलिशनंतर मेण. मेणाबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली येतो. हे कार्नौबा नावाचं मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर जमतं. ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून एप्रिलच्या उन्हातही टिकतं. तेच मेण गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायलाही वापरतात. हे ऐकल्यावर बायकोने डबीवरची किंमत वाचली आणि म्हणाली, "एवढ्या पैशांत तूप येतं." मेण सावलीत लावायचं, पत्रा गार हवा, थर इतका पातळ की लावलंय की नाही अशी शंका यावी. मग ते धुरकट होईपर्यंत थांबायचं. रबरी पट्ट्यांवर आधीच चिकटपट्टी मारायची, नाहीतर काळ्या रबरावर पांढरे डाग बसतात आणि ते जुन्या टूथब्रशने काढत दुसरा रविवार जातो. पुसायचे मायक्रोफायबर कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, त्यांना सॉफ्टनर लावायचा नाही, गॅलरीत त्यांची दोरी वेगळी. मुलाचा शाळेचा गणवेश चुकून त्या दोरीवर गेला तर गणवेश खाली येतो.

आणि अकराच्या सुमाराला गाडी होते. कशी, ते सांगायला हवं, कारण चेष्टा पुष्कळ झाली. बॉनेटमध्ये वरची पाइपलाइन दिसते, ट्यूबलाइट दिसते, जिन्यातून उतरणारा माणूस पोटासकट दिसतो. खोल विहिरीत पाहावं तसा डोळा आत आत जातो. पांढऱ्या गाडीला हे जन्मात जमणार नाही. मी पांढऱ्या गाडीवाला आहे, तरी कबूल करतो. तो चार पावलं मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहतो, तेव्हा त्याच्याशी बोलू नये. ते सुख फार तर दहा मिनिटांचं. समोरच्या बांधकामावर मिक्सर सुरू होतो, पाइपवर कबुतरं येऊन बसतात. कव्हर घालावं तर त्याच्यावरची धूळच रंगावर घासते. गाडी बाहेर काढावी तर रस्ता आहे, रस्त्यावर पुणेकर आहेत. त्यामुळे गाडी जागेवरच राहते आणि हा रोज जुन्या स्कूटरने ऑफिसला जातो.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. गाडी आदल्या दिवशीच मेण लावून तयार. त्याची आई ताट घेऊन खाली आली. झेंडूचा हार बघून तो म्हणाला, "आई, देठ घासतात, वायपरला बांध." अक्षता बघून तर त्याने ताटावर हातच धरला, तांदूळ खडबडीत असतो म्हणून. "नारळ फोडू का तुझ्या डोक्यावर?" असं म्हणत आईने ओल्या हळदीत बोट बुडवलं आणि बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ उमटलीच नाही. हळदीचे थेंब टुणटुणीत गोल झाले आणि घरंगळत ग्रिलपर्यंत गेले. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. कुंकवाचंही तसंच.

"अरे, ही कुंकूच लावून घेत नाही!" आई घाबरून म्हणाली.

"बघ, बघ! थेंब कसे धरलेत बघ!" तो हरखून ओरडला आणि फोन काढून घरंगळणाऱ्या हळदीचा व्हिडिओ घेऊ लागला. मास्तरांना हाक मारली, वॉचमनला बोलावलं, मलाही बोलावलं.

आई तेवढ्यात ताट घेऊन स्कूटरकडे वळली होती. पुढच्या पत्र्यावर तिने ठसठशीत स्वस्तिक काढलं, हार घातला, मूठभर अक्षता टाकल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं. संध्याकाळी सोनं वाटायला ते सगळे बाहेर पडले तेव्हा रस्ताभर झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल होता. तो आईला मागे बसवून स्कूटरवर गेला. बायको आणि मुलगा रिक्षाने.