अर्ज अडवण्याची सभ्य रीत

वेबपानावरचा अर्ज तपासण्याची जावास्क्रिप्टची नोकरी जुनी आहे. सुरुवातीला ती हवालदारी थाटात चाले: टॅगाटॅगात कोड कोंबलेला, आणि एक रकाना चुकला की अलर्टची पेटी तोंडावर. अनऑब्ट्रुसिव्ह, म्हणजे लुडबुड न करणाऱ्या पद्धतीत एचटीएमएल स्वच्छ राहते. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीतून 'सबमिट' घटनेवर कान ठेवते आणि चूक दिसली तरच अर्ज थांबवते. स्क्रिप्ट आलीच नाही तरी अर्ज सर्व्हरकडे जातो. निदान पुस्तकात तरी.

रिकामा रकाना ओळखणे ब्राउझरला एचटीएमएल५ पासून स्वतःच जमते. पण त्याचा इशारा कंपनीच्या रंगसंगतीत बसत नाही, म्हणून 'नोव्हॅलिडेट' लावून तेच काम नव्याने लिहिले जाते. मग कुणीतरी कोडमधून थेट फॉर्मची सबमिट मेथड बोलावतो. तिने सबमिट घटना घडतच नाही, त्यामुळे सारी तपासणी जागच्या जागी आणि अर्ज पसार. 'रिक्वेस्टसबमिट' हा त्यावरचा उतारा, फारसा कुणी न घेतलेला.

ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. ती कोणीही बंद करू शकतो. सर्व्हरने सारे पुन्हा तपासायचे असते. जो तपासत नाही, त्याच्या नोंदवहीत उणे सात वर्षांचे ग्राहक सुखाने नांदतात.

नावाच्या रकान्यात मात्र कडेकोट बंदोबस्त: ए ते झेड, बाकी अवैध. उदार प्रोग्रामर युनिकोडचा 'अक्षर' गट चालवून घेतो. त्यात 'कमल' पास होते आणि 'सुनीता' नापास, कारण काना, वेलांटी, उकार युनिकोडच्या हिशेबी 'चिन्ह' गटात मोडतात.